तीन सूत

कुपवाडच्या कारखान्यांत सिकंदर मिस्त्रीचं माप म्हणजे शेवटचा शब्द होता. ओतकामाच्या कारखान्यात लाकडी पॅटर्न करायचं त्याचं काम. पंपाचं तोंड असो नाहीतर इंजिनाचं चाक, आधी ते सिकंदरच्या हातून सागवानात उतरायचं. मग त्या लाकडाचा ठसा वाळूत उठवायचा आणि त्या ठशात लोखंडाचा रस ओतायचा. बावीस वर्षांत त्याचा एकही पॅटर्न परत आला नव्हता. ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नसे. पण ओळख करून देणारा ती सांगायला विसरला, तर मात्र त्याचा चेहरा उतरायचा.

माणूस तसा तिरसट. पाहुणा म्हणून कुणाच्या घरी गेला तरी आधी दाराची चौकट बघणार आणि मग माणसांची विचारपूस करणार. चौकट दोन सूत कलली असेल तर चहा होईपर्यंत त्याचा जीव तिच्यातच अडकलेला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाकीच्यांच्या डोळ्यांना तो दिसतही नाही. सिकंदरला तो भिंतीतल्या भगदाडासारखा दिसायचा.

आणि अशा माणसाच्या स्वतःच्या घरात मोरीची फरशी वर्षभर निसरडी होती.

त्याची बायको रहिमतबी त्याला वर्षभर सांगत होती. "आवं, त्या फरशीला जरा टाकी मारून घ्या. लय गुळगुळीत झालीया. पाय ठरत न्हाई." छिन्नीनं फरशी खडबडीत करायची, एवढंच काम. एका सकाळचं. सिकंदर म्हणायचा, "बघू सुट्टीला." सुट्टीला कारखान्यातलंच एखादं नाजूक काम घरी आलेलं असायचं. घरच्या कामाला मिस्त्रीच्या घरी मुहूर्त लागत नाही, हे साऱ्या मिस्त्र्यांच्या बायकांना ठाऊक असतं.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात, पहाटेच्या नमाजाआधी वजू करताना, म्हणजे तोंड, कोपरापर्यंत हात आणि पाय धुताना, रहिमतबी त्या फरशीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. सिकंदर धावत आला आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं : "दिसत न्हाई व्हय तुला?"

मिरजेच्या दवाखान्यात हाडात सळई घातली. तिथं तिचा थोरला भाऊ पीरमहंमद साताऱ्याहून आला. साताऱ्यात त्याचं बांगड्यांचं दुकान, माणूस गोड बोलणारा आणि बहिणीवर जीव असलेला. कॉटशेजारी उभं राहून त्यानं विचारलं, "कसं झालं हो हे?" सिकंदर म्हणाला, "कायम घाईत असती ही. पाय घसरला." रहिमतबी जागी होती. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ते फिरवलेलं तोंड पुढं चार महिने सिकंदरला दिसत राहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की यापुढं उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही. सांगणारा सांगून गेला. आपल्या घरांत सगळा संसारच जमिनीलगतचा. धुणं, भांडी, हात-तोंड, सगळं खाली बसून. सिकंदर सकाळी कारखान्यात, मुलगी परवीन विश्रामबागला कॉलेजात. दिवसभर रहिमतबीला पाणी कोण देणार? म्हणून पीरमहंमद तिला दवाखान्यातूनच साताऱ्याला घेऊन गेला. त्याच्या घरी बायकामाणसांचा राबता होता. भावजय पाट-पाणी करायची, हातावर पाणी ओतायची, पायही धुऊन द्यायची.

आणि रहिमतबीला नेमकं तेच सोसवत नव्हतं. ती म्हसवडची. लहानपणापासून पाण्याच्या टंचाईत वाढलेली, एका तांब्यात पुरा वजू करणारी. स्वतःच्या हातानं पाणी घ्यावं, स्वतःच्या हातानं धुवावं आणि मगच अल्लासमोर उभं राहावं, हा तिचा नेम. दुसऱ्यानं ओतलं तर चालतं, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. चालत असेल, तिला चालत नव्हतं. परवीन दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस साताऱ्याला राहून आली आणि वडिलांना म्हणाली, "अब्बा, मामी पाणी घालाय लागली की अम्मी डोळं मिटून घेती. लहान पोरागत वाटतंय, म्हणती. पर हितं येऊन तरी काय करू, म्हणती."

फरशीला टाकी तर सिकंदरनं रहिमतबी साताऱ्याला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीच मारली होती. अशी मारली होती, की अनवाणी पायाला टोचावी. परवीनच्या मदतीनं त्यानं स्टोही टेबलावर चढवला होता आणि एका जुन्या खुर्चीला मधोमध भोक पाडून संडासाची सोय केली होती. पण तिच्या वजूवर त्याला उपाय सुचत नव्हता.

डिसेंबरात पीरमहंमदचं पत्र आलं. पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी जीप घेऊन येतो, रहिमतही सोबत येईल. तिच्या पेटीतले कपडे, वाकळा, कुराण ठेवायची लाकडी रेहल असं सगळं तिच्या हातानं काढून घेऊ. यापुढं ती इकडेच राहील. तुम्ही वरचेवर येत जा. पत्र गोड होतं, आणि खाली रहिमतबीचा एक शब्दही नव्हता.

सिकंदरनं ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि सायकल काढून तडक भंगारवाल्याकडे गेला. विश्रामबागेतला कुठलासा जुना बंगला पाडला होता, त्यातलं पांढरं चिनी मातीचं बेसिन त्यानं तिथं पडलेलं पाहिलं होतं. ते कॅरिअरला गोणपाटात बांधून तो हळूहळू घरी आला. अंगणात उतरवताना परवीनला म्हणाला, "कपाट करायचं. त्यात हे बसवायचं. स्टुलावर बसून तुझ्या आईला हात-तोंड धुता आलं पायजे. पायबी."

"अन् मंगळवारच्या आत?"

"मंगळवारच्या आत."

विजेच्या कपातीमुळं कारखाना आठवड्यातले दोन दिवस, सोमवारी आणि मंगळवारी, बंद असायचा. म्हणजे हाताशी पुरते तीन दिवस, आणि रोज कामावर जाण्याआधीचे दोन-अडीच तास. लाकडाचा प्रश्न नव्हता. वडिलांच्या वेळचं मोडकं सागवानी दार माळ्यावर पडून होतं. लोखंडासारखं वाळलेलं, वास अजून तेलकट.

जागाही ठरलेलीच होती. मोरीत एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी तापवायचं चुलाण, त्यात तांब्याचा हंडा पक्का बसवलेला. मधली जागा सिकंदरनं घडीच्या पट्टीनं मोजली. बरोबर तीन फूट. भिंतीवर वरच्या अंगाला त्यानं पत्र्याची टाकी ठोकली, तिला पितळी तोटी लावली, खाली सांडपाण्याचा पाइप मोरीच्या भोकात सोडला. कपाट आत सरकवलं, की तोटी बेसिनवर आणि पाइप बेसिनखाली येणार होता. खालच्या खणात पत्र्याचं उथळ तबक. ते ओढून बाहेर घ्यायचं, पाय त्यात ठेवायचे आणि तोटीची रबरी नळी वरून सोडायची. वाकायचं काम नाही. हे सारं त्यानं कारखान्यातल्या कामासारखं आधी कागदावर काढलं होतं.

एकाच ठिकाणी तो अडला. स्टुलावर बसल्यावर रहिमतबीचं कोपर जमिनीपासून किती उंच येईल?

पेन्सिल हातात धरून तो बराच वेळ तसाच बसला. सव्वीस वर्षं संसार केला होता. कारखान्यातल्या प्रत्येक पंपाची उंची त्याला पाठ होती. बायको आपल्या खांद्याला लागते का कानाला, हे त्याला आठवेना. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की तो चिडायचा, तसा तो चिडला.

"आईची उंची किती गं?" त्यानं परवीनवरच आवाज चढवला.

"मला काय म्हाईत? पत्र घाला की साताऱ्याला."

पत्र घालायचं नव्हतं. मग परवीनच म्हणाली, की अम्मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायची तिथं तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडलाय. सिकंदर उठला. चुन्याच्या भिंतीवर खरंच तळहाताएवढा काळपट डाग होता. जमिनीपासून एकोणतीस इंच. त्यात स्टुलाची उंची मिळवली, डोक्यापासून कोपरापर्यंतचं अंतर परवीनला बसवून अंदाजानं काढून वजा केलं, आणि त्यानं कपाटाची उंची ठरवली. डागापुढं तो जरा जास्तच वेळ थांबला, हे परवीननं पाहिलं आणि ती बाहेर निघून गेली.

पहिल्या सोमवारी त्यानं फळ्या चिरल्या, मंगळवारी चौकट उभी केली. पडवीत रंधा सुरू झाला की शेजारपाजारचे डोकावून जायचे. सिकंदर मान वर करत नव्हता. एक-एक सांधा असा बसत होता, की हातोडीचा हलका ठोका आणि फळीच्या टोकाचं कुसू आपलं घर सापडल्यासारखं आत. कुठंही फट नाही. बुधवारपासून पहाटे उजाडल्याबरोबर उठून तो कामाला लागायचा. खण आत-बाहेर सरकायचा तो लोण्यातून सरकावा तसा. शनिवारी सकाळी वरच्या फळीला बेसिनसाठी गोल भोक पाडलं.

बेसिन भोकात उतरवलं आणि ते डुगडुगलं.

भोकाच्या कडेवर बेसिनची कड सुतभर तरी टेकायला हवी होती. ती जेमतेम टेकत होती. सिकंदरच्या कपाळाला आठी पडली. करवत जरा बाहेरून फिरली असणार, असं त्यानं मनाशी ठरवलं. वास्तविक बावीस वर्षांत त्याची करवत बाहेरून फिरली नव्हती. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यानं तिथंच हात थांबवून सारी मापं पुन्हा तपासायला लावली असती. पण वेळ नव्हता, आणि स्वतःच्या मापावर संशय घ्यायची सवय तर त्याहून नव्हती. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यानं कडेखाली बसवली. बेसिन गप्प बसलं. सोमवारी पॉलिशकागद मारून गरम जवसाचं तेल चोळलं, तेव्हा सागवान असं उजळलं, की परवीन म्हणाली, "अब्बा, हे दिवाणखान्यात ठेवावं असं झालंय."

मंगळवारी सकाळी दहाला दादासो आला. हा त्याच्याच कारखान्यातला, वाळूचे साचे भरणारा. सिकंदरच्या पॅटर्नवर बावीस वर्षं काम केलेला आणि त्याच्या शिव्या खाऊनही टिकलेला एकमेव माणूस. दोघांनी कपाट उचललं. मोरीच्या दारातून ते तिरकं करून आत घेतलं, सरळ केलं आणि भिंत-चुलाणामधल्या जागेत सरकवायला गेले.

कपाट अडलं.

"जरा डावीकडं घे."

दादासोनं डावीकडे घेतलं. भिंतीला घासलं.

"उजवीकडं."

चुलाणाला घासलं. सिकंदरनं खांदा लावून रेटलं, तशी चुलाणाची माती भसकन पडली. पण कपाट तसूभरही आत गेलं नाही.

सिकंदरनं घडीची पट्टी आणली. जागा मोजली : तीन फूट. कपाट मोजलं : तीन फूट तीन सूत. त्यानं पुन्हा मोजलं. मग पडवीत जाऊन लाकडं आखताना वापरलेली पोलादी पट्टी आणली आणि तिनं कपाट मोजलं. तीन फूट, काटेकोर. दोन्ही पट्ट्या त्यानं शेजारी-शेजारी धरल्या. खुणा जुळत नव्हत्या.

ती पोलादी पट्टी कारखान्याची होती. लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, फुटामागं सुतभर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच ताणलेली असते. तिचा फूट हा खऱ्या फुटाहून सुतभर लांब. बावीस वर्षं सिकंदरच्या हाताला तीच पट्टी. जागा आणि बेसिन मोजलं घरच्या पट्टीनं, आणि लाकडावर हात पडला तो मात्र सवयीच्या पट्टीनं. खण, दार, चौकट, सगळं एकाच पट्टीनं मोठं झालेलं, म्हणून एकमेकांत तंतोतंत बसलं. डुगडुगलं ते बेसिन, कारण ते तेवढं बाहेरून आलं होतं.

दादासोच्या ध्यानात आलं आणि त्याला हसू फुटलं. "आरं सिकंदर, लाकूड बी आता थंड हून आकसतंय म्हनतोस काय?" पण सिकंदरचा चेहरा बघून हसू तिथंच विरलं. "तासून काढू की बाजू."

"बाजूंत कुसवं बसवल्याती. वरची फळी सोडवाय लागंल, पाठ सोडवाय लागंल, खण बारीक कराय लागंल. दोन दीस पायजेत." सिकंदर मोरीच्या उंबऱ्यावर बसला. "आन् ती आता येतीया."

"मंग चुलाण पाडू."

"पाडून मोरीत दगडमातीचा ढीग करू? तिला काठी टेकाय जागा ऱ्हाईल काय?"

दादासोनं थोडा विचार केला आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ गड्या. लाकूड फुगलं म्हन. मोरीतली वल लागली, फुगलं. कोन तपासाय बसतंय? बांगड्यावाल्याला त्यातलं काय कळतंय?"

सिकंदरला तेही पटल्यासारखं झालं, हे सांगायला हवं. बावीस वर्षांची अब्रू एका वाक्यात वाचत होती. दोघांनी कपाट परत पडवीत आणून ठेवलं, तोच गल्लीच्या तोंडाला जीपचा हॉर्न वाजला.

पीरमहंमद आधी उतरला, मग त्यानं बहिणीला हात दिला. रहिमतबी काठी टेकत, पाय ओढत आली. ती वाळली होती. परवीन तिला बिलगली. सिकंदर म्हणाला, "या भाई," आणि बायकोला वाट करून दिली. ती त्याच्याकडे बघितल्यासारखं करून आत जायला निघाली आणि पडवीत कपाटापाशी थबकली.

पांढरं बेसिन, तेल पिऊन चकाकणारं सागवान. तिनं बोटांनी कड चाचपली. मग परवीननं पुढं केलेल्या उंच स्टुलावर ती सावकाश बसली आणि दोन्ही हात बेसिनवर धरले. कोपरं जिथं यायची तिथं आली. परवीननं खालचा खण ओढून दाखवला, पाय कसे ठेवायचे ते सांगितलं. रहिमतबीचा हात कडेवरून निघत नव्हता.

"वा, सिकंदरभाई!" पीरमहंमद मनापासून म्हणाला. "काय काम आहे! पण हे पडवीत कसं?"

"ते... लाकूड फुगलंय वाईच," दादासो घाईनं पुढं झाला. "मोरीत जाईना. वल लागली."

"होतं असं. सागवान झालं तरी लाकूडच ते." पीरमहंमदनं कपाटाला प्रेमानं थाप मारली. "मग असं करू. जीप आहेच. हे आमच्याकडे नेऊ. आमच्या न्हाणीत जागा भरपूर आहे. रहिमतची सोयही होईल आणि तुमची मेहनतही वाया जाणार नाही."

किती सरळ तोडगा होता! त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं, कुणाला खाली बघायला लागणार नव्हतं. आणि सिकंदरनं बांधलेलं कपाट त्याच्या बायकोला घेऊन कायमचं साताऱ्याला जाणार होतं. त्यानं रहिमतबीकडे पाहिलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"फुगलं न्हाई," सिकंदर म्हणाला.

दादासोनं डोळ्यांनी खुणावलं. सिकंदरनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"साठ वर्सांचं वाळल्यालं सागवान हाय, ते काय फुगतंय? माप चुकलंय. माझं. पट्टी चुकीची धरली म्या." आता थांबला तर पुढचं कधीच निघणार नाही, हे त्याला कळत होतं. "आन् भाई, त्या दिशीबी हिचा पाय घाईनं घसरला न्हाई. फरशी निसरडी झालीया, टाकी मारा, म्हणून ही वरीसभर सांगत हुती मला. वरीसभर! म्या न्हाई मारली. तुमी मिरजंत इचारलंसा तवा म्या खोटं बोललो. हिच्या अंगावर ढकललं. हिचं काय चुकलं नव्हतं. एवढंसुदिक न्हाई."

पीरमहंमदचा चेहरा लाल झाला, त्याचे ओठ हलले; पण बहिणीकडे बघून त्यानं शब्द गिळले. परवीन पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. सिकंदरला वाटलं, आता रहिमतबी काठी घेऊन उठेल, पेटी आवरेल आणि जाईल. जाऊ दे. निदान खरं घेऊन जाईल.

रहिमतबीनं तोंड त्याच्याकडे फिरवलं. डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा होता.

"किती चुकलंय?"

"तीन सूत."

"किती दीस लागतील नीट कराय?"

"दोन."

ती भावाकडे वळून म्हणाली, "भाई, तुमी जेवून निघा. पेटी नगं काढाय. म्या ऱ्हाते हितं."

"अगं, पण अजून ते बसलेलं नाही," पीरमहंमद म्हणाला. त्याचा राग अजून ओसरला नव्हता. "हे दोन दिवस काय करणार? आज, आत्ता काय करणार? आमच्याकडे तुझ्या भावजयीनं पाणी ओतलेलं तुला सोसत नव्हतं."

तेवढ्यात मशिदीतून दुपारची बांग झाली. रहिमतबीनं पदर डोक्यावर घेतला. परवीन तांब्या आणायला वळली, तर तिनं मुलीला हातानं थांबवलं.

"तू नगं," ती म्हणाली, आणि दोन्ही हात बेसिनवर धरून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी वता."

सिकंदर आत गेला, तांब्या भरून आणला. बेसिनच्या भोकाखाली परवीननं बादली सरकवली. पहिली धार तिच्या मनगटावर न पडता कडेवर सांडली.

"हळू," रहिमतबी म्हणाली. "घाई नगं. कोपरापतूर येऊ द्या."

त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि कोपरापर्यंत पाणी ओतलं.